मिठ्ठूची कडी

“एकच घ्या साहेब. जोडी नेली तर आपसातच बोलत बसतात, तुमच्याशी बोलणार नाही.”

मागच्या उन्हाळ्यात भाचीला घेऊन पाखरांच्या एका दुकानात गेलो होतो. तिला ‘लव्हबर्ड’ हवे होते. आपल्याकडे लव्हबर्ड म्हणून जे खपतं ते बहुतेक वेळा बजी असतं, मूळचा ऑस्ट्रेलियातला चिमुकला पोपट. एका जाळीत चाळीस-पन्नास पाखरं, हिरवी, पिवळी, निळी, आणि सगळ्यांचा मिळून असा कालवा की दुकानदाराला ओरडून बोलावं लागत होतं. “बोलणारा पाहिजे का?” त्यानं विचारलं. भाचीनं अर्थातच मान हलवली. मग त्यानं कृती सांगितली: नर घ्या, लहान वयाचा घ्या, पिंजरा माणसांच्या वावरात ठेवा आणि दुसरं पाखरू आणू नका. पिंजऱ्यात आरसासुद्धा लावू नका, आरशातल्याशीच बोलत बसतो.

माणूस भला होता, लबाडी करत नव्हता. धंद्यातलं अनुभवाचं ज्ञान फुकट देत होता. पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. कारण आवाज शिकणाऱ्या प्राण्यांवर गेल्या साठ वर्षांत जगभर जे काम झालं, त्याचा अर्क त्यानं गल्ल्यावर बसल्या बसल्या सांगून टाकला होता. पाखरू तुमच्याशी बोलावं असं वाटत असेल, तर त्याला बोलायला दुसरं कुणी ठेवू नका.

माझं म्हणणं एवढंच आहे की, जो प्राणी आपली बोली आपल्या मंडळींकडून ऐकून शिकतो, त्याला एकटं ठेवायला कायद्यानं बंदी असावी. मग तो डॉल्फिन असो की गॅलरीतला बजी. सध्या आपला कायदा प्राण्याला त्याचा देश विचारतो. त्याच्यासोबत कोण आहे, हे विचारत नाही.

आधी हे ‘ऐकून शिकणं’ किती दुर्मीळ आहे ते पाहू. बहुतेक प्राण्यांचा आवाज उपजत असतो. गायीचं वासरू एकटं वाढवा, हंबरायला त्याला कुणी शिकवावं लागत नाही. मशीनमध्ये उबवलेल्या अंड्यातून निघालेला कोंबडा कोंबड्यासारखाच आरवतो. कुत्रं, मांजर, शेळी यांचंही तसंच. आपले सख्खे नातलग म्हणावेत असे चिंपांझी, त्यांनाही ही विद्या नाही. अमेरिकेत 1940 च्या दशकाच्या अखेरीस हेज दांपत्यानं विकी नावाची चिंपांझी घरात लेकीसारखी वाढवली. काही वर्षांच्या मेहनतीनंतर तिला ‘मामा’, ‘पापा’, ‘कप’, ‘अप’ असे चार शब्द कसेबसे म्हणता आले. कानावर पडलेला नवा आवाज स्वतः काढून दाखवायची कला मोजक्याच घराण्यांत आहे. पक्ष्यांत पोपट, गाणारे पक्षी आणि हमिंगबर्ड. सस्तन प्राण्यांत माणूस, देवमासे आणि डॉल्फिन, सील, हत्ती, वटवाघळं. हत्तीला जमतं आणि चिंपांझीला नाही, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ती ओळ दोनदा वाचली होती.

डॉल्फिनचं जरा लांबवतो, कारण ही विद्या कशासाठी असते ते तिथं फार स्वच्छ दिसतं.

1965 मध्ये कॉल्डवेल दांपत्यानं असं दाखवलं की, बॉटलनोज जातीच्या प्रत्येक डॉल्फिनची एक स्वतःची शीळ असते. तिला आपण ओळखशीळ म्हणू. पिल्लू साधारण पहिल्या वर्षात ही शीळ घडवतं. बारसं करून कुणी ती ठेवत नाही. आजूबाजूचे आवाज ऐकत, त्यात फेरफार करत ते आपलं नाव आपणच पाडतं. हा आवाज निघतो डोक्यावरच्या श्वासछिद्राच्या खाली, नाकाच्या वाटेत असलेल्या ओठांसारख्या पडद्यांमधून. पुढे फ्लोरिडातल्या सारासोटा उपसागरात, जिथं 1970 पासून डॉल्फिनच्या पिढ्यान्‌पिढ्यांवर नजर ठेवली जाते आहे, असं आढळलं की शिळेतला ‘गळा’ काढून टाकून नुसती तिची चढउताराची चाल यंत्रानं वाजवली तरी डॉल्फिन आपल्या नातलगाला ओळखतात. म्हणजे आपण आवाजावरून माणूस ओळखतो तसं हे नाही. हे नावावरून ओळखणं आहे.

आता नकलेकडे येऊ. 2013 मध्ये स्टेफनी किंग आणि व्हिन्सेंट जॅनिक यांनी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर मोकळ्या डॉल्फिनना त्यांच्याच ओळखशिळेची प्रत ऐकवली, तर ते उत्तर देऊ लागले. दुसऱ्याची शीळ वाजवली तेव्हा असं झालं नाही. त्याच सुमारास सारासोटातल्या नोंदींवरून हेही पुढं आलं की, ही दुसऱ्याच्या शिळेची नक्कल कुणीही कुणाचीही करत नाही. करतात त्या आई आणि तिचं पिल्लू, किंवा वर्षानुवर्षं जोडीनं हिंडणारे दोन नर. आणि करतात ती मुख्यतः एकमेकांपासून दूर पडल्यावर. त्याआधी 1998 मध्ये जर्मनीतल्या एका प्राणिसंग्रहालयातही असंच दिसलं होतं. चार डॉल्फिन एका हौदात असताना ओळखशीळ क्वचितच वाजायची. एखादा शेजारच्या हौदात गेला की तोही आपली शीळ घालू लागे आणि मागे राहिलेलेही.

आमच्या नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत आईचा हात सुटलेलं पोरगं जसं हाक मारतं, तसंच. आईच्या कडेवर असताना ते ‘आई, आई’ करत नाही. तेव्हा त्याला फुगा हवा असतो.

या हाकेची आठवण किती टिकते? जेसन ब्रुक या संशोधकानं अमेरिकेत आणि बर्म्युडात वेगवेगळ्या ठिकाणी पाळलेल्या डॉल्फिनना जुन्या सोबत्यांच्या शिळा ऐकवल्या. बेली नावाच्या मादीनं ॲली या मादीची शीळ ओळखली, ती दोघींची ताटातूट होऊन वीस वर्षं उलटल्यावर. आणि 2023 मध्ये सारासोटातल्या 19 आयांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून कळलं की, पिल्लू सोबत असताना आई आपली शीळ जास्त उंच पट्टीत नेते. आपण तान्ह्या बाळाशी बोलताना आवाज चढवतो तसा.

हे सगळं ज्याच्याकडे आहे त्या प्राण्याला माणसानं काय करायला लावलं? जॉन लिली नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाला वाटलं, याला इंग्रजी शिकवावं. 1965 मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावर एका घरात गुडघाभर पाणी भरून मार्गारेट हाउ ही तरुणी पीटर नावाच्या डॉल्फिनसोबत दहा आठवडे राहिली. तिच्या नावातला ‘म’ पीटरला जमेना. त्याला ओठ नाहीत. तो अंग वळवून श्वासछिद्र पाण्याखाली घ्यायचा आणि बुडबुडा सोडून ‘म’च्या जवळपास काहीतरी काढायचा. पेटीवर सनईचा सूर काढायला बसावं तसली ही धडपड. मग प्रयोगाचे पैसे आटले, पीटरला मायामीच्या प्रयोगशाळेतल्या छोट्या हौदात हलवलं आणि काही आठवड्यांत तो मेला. त्याला इंग्रजी किती आलं याची चर्चा पुष्कळ झाली. त्या दहा आठवड्यांत त्याला डॉल्फिनची सोबत किती होती, हा प्रश्न फार जणांना पडला नाही.

भारतानं या बाबतीत शहाणपण दाखवलं, हे मान्य केलं पाहिजे. 1998 मध्ये चेन्नईजवळच्या एका जलक्रीडा केंद्रात बल्गेरियातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांत मेले. त्यानंतरही इतरत्र असे प्रकल्प काढायचे बेत होत राहिले. मे 2013 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं राज्यांना कळवलं की, डॉल्फिनच्या खेळांसाठी परवानगी देऊ नये. तेव्हापासून ‘भारतानं डॉल्फिनला व्यक्तीचा दर्जा दिला’ हा मजकूर व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतो. ते तितकंसं खरं नाही. डॉल्फिनकडे मानवेतर व्यक्ती म्हणून पाहावं, असं काही शास्त्रज्ञ सुचवतात, असा उल्लेख त्या पत्रात होता. दर्जा बिर्जा कुणी दिला नाही. पण बंदी खरी आणि योग्य.

फक्त मला शंका येते की ती आपल्याला इतकी सहज का पटली. नागपूरहून मुंबईचा समुद्र रेल्वेनं आठशेहून जास्त किलोमीटरवर. डॉल्फिन आपल्यापैकी बहुतेकांनी टीव्हीवरच पाहिलेला. ज्याचा त्याग करायला काही लागत नाही, त्याचा त्याग आपण मोठ्या मनानं करतो. हेच तत्त्व नागपूरच्या झिरो माइलच्या खांबापासून दोन किलोमीटरच्या आतल्या एखाद्या गॅलरीत लावा, मग बघा.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी मिठ्ठू होता. कंठवाला पोपट, एका बाजूचे पंख कापलेला, ओसरीतल्या कडीपाटाला टांगलेला. गोष्ट 1980 च्या दशकातली, तेव्हा पोपट पाळण्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. रोज सकाळी आजी जांबाची फोड (पुण्याकडच्यांनी पेरू वाचावं) हातात धरून त्याच्यासमोर उभी राहायची आणि म्हणायची, “बोल मिठ्ठू, विठ्ठल विठ्ठल.” मिठ्ठू फोड घ्यायचा, विठ्ठल म्हणायचा नाही. पुण्याची आत्येबहीण सुटीत आली की त्यानं उत्स्फूर्तपणे म्हटलेलं एकच वाक्य ऐकून लोळायची: “काहून बे?” हे काकाचं वाक्य. तुमचा पोपटसुद्धा नागपुरी, असं ती म्हणायची. नागपुरातल्या पोपटानं काय सदाशिव पेठी बोलावं?

पण मिठ्ठूची खरी कमाल होती कडी. आमच्या पुढच्या दाराला लोखंडी कडी होती. ती सरकताना आधी ‘खर्र’ आणि मग ‘खट्’ असा दोन टप्प्यांचा आवाज व्हायचा. मिठ्ठू तो हुबेहूब काढायचा. मे महिन्याच्या दुपारी, सगळं घर कूलरसमोर आडवं झालेलं असताना, ओसरीतून ‘खर्र, खट्’. आजी धडपडत उठायची, कोण आलं म्हणून पाहायला. दारात कुणी नसायचं. “मेल्यानं पुन्हा उठवलं,” म्हणत ती परत जायची. दुसरा आवाज काकाच्या स्कूटरचा, दोन किका फुकट जाऊन तिसऱ्या किकेला सुरू होतानाचा. तो मिठ्ठूनं काढला की आम्हा पोरांना कोण आनंद व्हायचा. सगळे म्हणायचे, काय नकला करते बे हा!

डॉल्फिनचं हे दूर पडल्यावर नक्कल करणं मी वाचलं ते पुष्कळ वर्षांनी, आणि वाचता वाचता थांबलो. आमच्या घरात दिवसातून दोनदा कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या. मिठ्ठूनं कुकरची शिट्टी कधी काढली नाही. सोपी होती, रोज ऐकत होता. त्यानं उचलले ते तीनच आवाज, आणि ते कुणाचे ना कुणाचे होते. कडी आजोबांची, संध्याकाळी ते परतले की आधी त्याच्या पिंजऱ्यापाशी थांबत. स्कूटर आणि ‘काहून बे’ काकाचं. आणि काढायचा केव्हा, तर ओसरीत कुणी नसताना. आम्ही ज्याला नकला म्हणत होतो, ते बहुधा नाव घेऊन बोलावणं होतं. हे शास्त्र नव्हे, याची मला कल्पना आहे. एका पोपटावरून सिद्धांत मांडणाऱ्याला कुणी भीक घालू नये. पण व्हेनेझुएलातल्या छोट्या हिरव्या पोपटांवर झालेलं काम शास्त्रच आहे. तिथं संशोधकांनी घरट्यांमधली अंडी अदलाबदल करून पाहिली, तर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पिल्लांची स्वतःची हाक जन्मदात्यांशी नव्हे, पाळणाऱ्या आईबापांच्या हाकेशी जुळली. म्हणजे नाव घरातून मिळतं, रक्तातून नाही. आणि तो दुकानातला बजी? जोडी जमते तेव्हा नर बजी मादीच्या हाकेची नक्कल करून ती हाक आपलीशी करतो. एकट्या नराला मादी नसते, समोर तुमची मुलगी असते. तो तिचं नाव शिकतो.

आपल्या भाषेनं या सगळ्याला ‘पोपटपंची’ असं नाव ठेवून टाकलं आहे. अर्थ न कळता घोकणं. शाळेत हा शब्द आम्हाला इतक्यांदा ऐकवला गेला की पोपटाच्या बोलण्यामागं काही असू शकतं, हे मनातच यायचं नाही.

आता विरोधी बाजू, कारण ती दुबळी नाही. नक्कल म्हणजे नेहमी एकटेपणाच, असं समीकरण मांडलं तर ते टिकत नाही. अमेरिकी नौदलाकडे सॅन दिएगोत नॉक नावाचा पांढरा बेलुगा देवमासा होता. 1984 मध्ये त्याच्या हौदातून माणसं बोलत असल्यासारखा आवाज येऊ लागला, इतका की एक पाणबुड्या ‘मला बाहेर यायला कुणी सांगितलं?’ असं विचारत वर आला. नॉक एकटा नव्हता. सोबत बेलुगा होते. आपल्याच पेंच-नागझिऱ्यातला भृंगराज इतर पक्ष्यांचे आवाज बेमालूम काढतो, तेही मोकळ्या जंगलात. काही नकला पोटासाठी असतात, काही कदाचित गंमत म्हणूनही. मान्य.

पण मग कोशिक घ्या. दक्षिण कोरियातल्या एव्हरलँड उद्यानातला हा आशियाई हत्ती. सोंडेचं टोक तोंडात खुपसून, जबडा आणि जीभ यांची जागा बदलून तो पाच कोरियन शब्द म्हणतो: नमस्कार, बस, नाही, आडवा हो, छान. 2012 मध्ये त्याच्यावर शोधनिबंध आला. लहानपणीची सुमारे पाच वर्षं तो तिथं एकटाच हत्ती होता. माणसांखेरीज नातं जोडायला कुणी नव्हतं म्हणून त्यानं ही खटपट केली असावी, असं त्या अभ्यासकांनीच म्हटलं आहे. नॉकमुळे मी ‘नेहमी’ हा शब्द काढून टाकतो. कोशिकमुळे बाकीचं वाक्य ठेवतो.

‘बोलतो म्हणजे आनंदात आहे’ हा युक्तिवाद मी मात्र गंभीरपणे घेत नाही. मारबतीत हरवलेलं पोरगंही भरपूर बोलत असतं.

कायद्याकडे वळतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपला देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर कंठवाला पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहे. तरी पिल्लं मिळतातच. होळीच्या आगेमागे झाडांच्या ढोल्यांमधून काढलेली, धड पिसं न फुटलेली पिल्लं टोपलीत कापडाखाली येतात. घेणाऱ्यांत मध्यमवर्गीय, शिकलेले, देवभोळे सगळे असतात. काही जण तर पुण्य म्हणून विकत घेऊन उडवून देतात आणि पकडणाऱ्याला पुढच्या फेरीचं भांडवल पुरवतात. इथं नवा कायदा नको, आहे तो पाळायला हवा. ते झालं तरी अर्धाच प्रश्न सुटतो, कारण बजी, कॉकटील, खरे लव्हबर्ड हे परदेशी. ते बाजारात राजरोस विकता येतात. देशी पोपटाला एकटं कोंडलं तर गुन्हा, ऑस्ट्रेलियन पोपटाला कोंडलं तर छंद. जंगलातली संख्या टिकवायला हा भेद कामाचा आहे. पण पिंजऱ्यातल्या पाखराला आपण कुठल्या खंडातले आहोत याचं काय?

स्वित्झर्लंडनं 2008 मध्ये हा प्रश्न सरळ सोडवला. तिथल्या प्राणिसंरक्षण नियमांनुसार कळपानं राहणारे प्राणी एकटे ठेवता येत नाहीत. पोपट, बजी, गिनीपिगसुद्धा जोडीनंच ठेवायचे. आपल्याकडे पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी 2018 चे नियम आहेत. दुकानाची नोंदणी राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे करावी लागते. त्या नियमांत एक कलम घाला: पोपटाच्या कुळातला कोणताही पक्षी एकटा विकायचा नाही. विकणाऱ्यावर नजर ठेवता येते, घराघरांत शिरता येत नाही, म्हणून सुरुवात दुकानापासून. पिंजराच नको, असं म्हणणारे माझ्यावर चिडतील, आणि तत्त्व म्हणून ते बरोबर आहेत. पण पिंजरे उद्या जाणार नाहीत. उद्या होण्यासारखं जे आहे ते मी मागतो आहे.

आणि ज्यांच्या घरी मिठ्ठू आधीच आहे त्यांनी? भावनेच्या भरात गच्चीवर जाऊन दार उघडू नका. पंख कापलेला, माणसांत वाढलेला पोपट नागपूरच्या उन्हात किंवा घारीच्या तावडीत दोन दिवसही काढणार नाही. सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जखमी वन्यजीवांवर तिथं उपचार होतात. पोपटाचं पुढे काय करायचं ते आधी तिथं जाऊन विचारा. गुन्हा दाखल होईल या भीतीनं लोक जात नाहीत आणि पाखरू आणखी दहा वर्षं टांगलेलं राहतं. स्वतःहून पक्षी आणून देणाऱ्याला त्रास होणार नाही, असं वन विभागानं एकदा जाहीर सांगितलं, तर बऱ्याच ओसऱ्या मोकळ्या होतील.

भाचीला मी दुकानदाराचं वाक्य पुन्हा समजावून सांगितलं. तिनं विचारलं, जोडी घेतली तर? तर ते एकमेकांशी बोलतील, मी म्हटलं, तुझ्याशी नाही. मग काय उपयोग, ती म्हणाली. नऊ वर्षांची आहे, तिचं चुकलं नाही. दुकानदाराचंही तेच म्हणणं पडेल: न बोलणारी जोडी घेणार कोण? बजीचा खप अर्ध्यावर येईल, हे मलाही दिसतं. येऊ दे.